जुन्या लाकडी स्टोव्हची बॅफल प्लेट बसवताना या चुका टाळा

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशिकच्या गंगापूर धरण, त्र्यंबक रस्त्याकडच्या फार्महाऊसवाल्यांना जुना लाकडी स्टोव्ह घ्यावासा वाटतो. जरूर घ्या, पण पैसे देण्याआधी दार उघडून टॉर्च वर मारा. थेट चिमणीचं भोक दिसलं आणि बाजूला रिकाम्या पट्ट्या किंवा खुंट्या असतील, तर बॅफल, म्हणजे चिमणीच्या भोकाखाली बसणारी आडवी प्लेट, गायब आहे.

ही आडवी प्लेट ज्वाळेला सरळ वर जाऊ देत नाही. मागून पुढे वळवते, धुरातला जळायचा राहिलेला वायू आतच जळतो आणि उष्णता खोलीत येते. ती नसली की पाईप तापून लाल होतो, लाकूड भराभर संपतं आणि खोली मात्र गारच. त्यात द्राक्षछाटणीच्या वाळक्या काड्या घातल्या तर ज्वाळा पार पाईपमध्ये शिरतात. अशा स्टोव्हमध्ये 'तात्पुरतं' म्हणूनही जाळ करू नका.

सगळ्यात मोठी चूक प्लेटच्या मापात होते. लोक आतली लांबी-रुंदी मोजून तेवढीच प्लेट कापून आणतात. खरं माप प्लेटचं नाही, पुढे सोडायच्या फटीचं. फटीचं क्षेत्रफळ पाईपच्या तोंडापेक्षा कमी नको. सहा इंची पाईपचं तोंड साधारण २८ चौरस इंच भरतं. स्टोव्ह आतून १६ इंच रुंद असेल, तर फट निदान पावणेदोन इंच हवी. मी दोन इंच ठेवायला सांगेन. कमी ठेवली तर दार उघडताच धूर तोंडावर येतो. फार जास्त ठेवली तर बॅफल असून नसल्यासारखीच. कंपनीचं ड्रॉइंग मिळालं, तर अर्थातच त्यातलं माप घ्या.

दुसरी चूक, प्लेट ठोकून घट्ट बसवणं. १८ इंची लोखंडी प्लेट लालबुंद तापली की ३ ते ४ मिलिमीटर वाढते. जागा नसेल तर ती फुगते नाहीतर बाजूच्या भिंतीला तडा देते. दोन्हीकडे एकेक सूत (साधारण ३ मिलिमीटर) मोकळं ठेवा. अंबड-सातपूरचा फॅब्रिकेशनवाला "वेल्डिंग मारून देतो, हलणार नाही" म्हणेल. मारू देऊ नका! पाईपमधून पडणारी काजळी प्लेटवरच साचते, ती काढायला प्लेट बाहेर यायलाच हवी. नुसती पट्ट्यांवर टेकवा.

६ एमएमची साधी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट पुरते; काही वर्षांनी खपल्या पडून वाकली की बदलायची. ३०४ स्टेनलेस तापल्यावर एमएसच्या जवळजवळ दीडपट वाढतं, त्याला बाजूंना जागा जास्त सोडा. जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा अजिबात नको, त्यावरच्या जस्ताचा धूर विषारी असतो. जुना सिमेंटचा पत्राही नको. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं.

प्लेट बसवल्यावर स्टोव्ह सुरुवातीला चांगला चालून मग धूर यायला लागला, तर आधी प्लेटवरची काजळी बघा. दाराची काच काळी पडत असेल तर बहुधा लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडते, प्लेटला दोष देऊ नका.

पहिला जाळ लहान ठेवा, दिवसा आणि खिडकी उघडी ठेवून. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा अलार्म स्टोव्ह लावायच्या आधीच खोलीत बसवा.