फवारणीचं औषध कुलुपात कसं ठेवायचं
औषध गोठ्याच्या आढ्याला पिशवीत टांगून ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नव्हे. लोखंडी पेटी किंवा कपाट घ्या, ते घर, चारा, बियाणं आणि विहिरीपासून लांब ठेवा. चोर बहुधा कुलूप तोडत बसत नाही, कोयंड्याचे स्क्रू काढतो. म्हणून कोयंडा आरपार बोल्टने बसवा, नट आतून आवळून वेल्डिंगचा टाका मारून घ्या. किल्ली खुंटीला नको, एकाच जबाबदार माणसाकडे हवी. रागाच्या भरात किंवा निराशेत घरातल्याच कुणाचा हात पटकन तिथे पोचू नये, हे चोरीइतकंच महत्त्वाचं.

पावडर वरच्या फळीवर, पातळ औषध खाली. गळलं तर पुडे भिजत नाहीत. तणनाशक वेगळ्या कप्प्यात. उघडलेल्या डब्यावर मार्करने पातळीची रेघ मारून तारीख टाका, वहीत नाव, बॅच नंबर, शिल्लक लिहा. रेघ खाली गेली आणि वहीत नोंद नसेल तर लगेच चौकशी करा. लेबलवर लाल त्रिकोण असलेले, म्हणजे सर्वांत विषारी औषधाचे डबे आधी तपासा.

दारूच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत औषध कधीही ओतू नका. औषधाची रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग बुडाला भोक पाडा. नाहीतर तीच बाटली बनावट मालासाठी किंवा घरात तेलासाठी वापरली जाते.