आजीच्या ट्रंकेतील वस्तू सांभाळताना

ज्यांचे बालपण १९४० ते १९६५ या काळात गेले, त्यांच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली एखादी लोखंडी ट्रंक बहुधा असते. तिच्यात बाळाची कुंची आणि टोपरे, चांदीचे वाळे, पितळेची भातुकली, काळ्या कागदांचा फोटो अल्बम आणि सुतळीने बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा अशा वस्तू एकमेकींना चिकटून पडलेल्या असतात. घर पुनर्विकासाला निघाले किंवा घरातील वडीलधारे माणूस गेले की ही ट्रंक उघडली जाते आणि मग सगळेच घाईत असते. आजवर पाहिलेल्या घरांवरून माझे असे मत झाले आहे की दमट हवेने आणि कसरीने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान त्या घाईतल्या मायेने होते. आमच्या घरातील हातांनी लिहिलेली एक जन्मपत्रिका ‘टिकावी’ म्हणून लॅमिनेट करून आणली गेली. आता तिचा कागद आत पिवळा पडत चालला आहे आणि ते प्लास्टिक तिला इजा न करता काढता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी काहीही धुऊ नये, घासू नये, चिकटवू नये.

पहिल्या दिवशी एक दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, ती ट्रंकेत कशाशेजारी होती ते लिहावे आणि मोबाइलवर तिचे छायाचित्र घ्यावे. नंतर घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीजवळ बसून तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. “हे काय आहे?” असा प्रश्न विचारल्यास एका शब्दाचे उत्तर मिळते, “ही कुंची कोणी शिवली, खण कोणाच्या चोळीतला उरला होता, ती आधी कोणी घातली होती?” असे विचारले की आत्या किंवा मावशी तासभर बोलतात. ही नोंद पुढे ढकलू नये, कारण वस्तू आणखी वर्षभर तग धरू शकते, पण तिची हकीकत सांगणारे माणूस तेव्हा असेलच असे नाही.

जिथे कोणाला काही आठवत नाही, तिथे वस्तूच काळ सांगतात. पावतीवर केवळ रुपये, आणे, पै असतील तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची. ‘नवे पैसे’ असा उल्लेख असेल तर १९५७ ते १९६४ या वर्षांच्या आसपासची. शाळेच्या दाखल्यावर ‘मुंबई राज्य’ छापलेले असेल तर तो कागद १ मे १९६० च्या आधी छापला गेला, असे सहसा धरता येते. पोस्टकार्डावरील शिक्का आणि लग्नात दिलेल्या भांड्यांवर घातलेली नावे व तारखा तर सरळच पुरावा देतात. ही सर्व अक्षरे वहीत उतरवून घ्यावीत.

कपड्यांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते, कारण त्या काळी बाळाची झबली आणि दुपटी बहुधा जुन्या मऊ लुगड्यांची केली जात, म्हणजे ते कापड मुळातच वापरून विरलेले असते. साधे पांढरे सुती कापड धुता येते, मात्र त्याआधी रंगीत दोऱ्याच्या नक्षीवर आतल्या बाजूने पाण्याचा एक थेंब टाकून पांढऱ्या कापसाने हलके दाबून पाहावे. कापसावर रंग उतरला तर धुण्याचा विचार सोडून द्यावा. धुवायचे ठरल्यास पसरट भांड्यात रिठ्याच्या सौम्य पाण्यात कापड न चोळता बुडवावे, स्वच्छ पाणी चार-पाच वेळा बदलावे, खालून जाळीचा आधार देऊन उचलावे आणि सावलीत आडवे पसरून वाळवावे. ओले कापड दोरीवर टांगले की स्वतःच्याच वजनाने फाटते. खळ तर अजिबात देऊ नये, कारण खळीवर कसर येते. जुन्या कापडातली खळ निघून गेली की निम्मी काळजी मिटते.

जरीची गोष्ट निराळी आहे. जुन्या पैठणीची किंवा शालूची जरी म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा, त्यामुळे ती घरी धुऊ नये. वर्तमानपत्र, रबर आणि लोकर यांच्यातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूने चांदी काळवंडते, म्हणून जरीचे वस्त्र केवळ धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळावे. घडीच्या रेषेवर रेशीम चिरत जाते. तेव्हा घडीत मलमलीची मऊ गुंडाळी ठेवावी आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नयेत आणि प्लास्टिकच्या खेळण्यांजवळ तर मुळीच ठेवू नयेत, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडून विद्रूप होते. आजीची वेखंडाची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, मात्र तिच्यावर विसंबून तपासणी टाळू नये. वस्तूचा क्रमांक सुती पट्टीवर पेन्सिलीने लिहून ती पट्टी दोन सैल टाक्यांनी जोडावी.

काळ्या कागदांचा अल्बम मोडू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. कोणत्या छायाचित्रानंतर कोणते लावले, त्याखाली पांढऱ्या पेन्सिलीने काय लिहिले, हा क्रम लावणाऱ्याच्या मनातला असतो आणि तो एकदा सुटला की पुन्हा जुळत नाही. आधी प्रत्येक पान जसेच्या तसे टिपून घ्यावे. सुट्या छायाचित्रांच्या मागे बॉलपेनने लिहू नये, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात; मऊ पेन्सिलीने कडेला हलक्या हाताने लिहावे. तसबिरीच्या काचेला चिकटलेले छायाचित्र ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये, काचेसकटच त्याची प्रत घ्यावी. निगेटिव्ह असतील तर त्यांचा वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर त्या फिल्मचे विघटन सुरू झाले आहे, ते थांबवता येत नाही आणि त्यातून निघणारी आम्लवाफ शेजारच्या फिल्मलाही बाधते. अशा निगेटिव्ह तातडीने वेगळ्या करून सर्वांत आधी स्कॅन कराव्यात.

पत्रे आणि शाळेचे कागद यांच्या टाचण्या व पिना प्रथम काढाव्यात, कारण गंजाचा डाग कागद खातो. फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. फाउंटन पेनची शाई पाण्याने पसरते, म्हणून ओला बोळा दूरच ठेवावा. पत्रे उलगडून आम्लमुक्त कागदात, तो न मिळाल्यास सुती चिंध्यांपासून केलेल्या पांढऱ्या हातकागदात, सपाट ठेवावीत. पणजोबांची पत्रे मोडीत असतील तर ती वाचणारे माणूस शोधून देवनागरीत उतरवून घेणे हे जतनाइतकेच महत्त्वाचे आहे.

भातुकली, वाळे आणि करगोट्याची घागरी यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. चिंच किंवा पितळ घासायची पावडर लावून घासले की दर वेळी धातूचा एक बारीक थर जातो आणि त्याबरोबर भांड्यावर घातलेले नावही. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसावी, जुनेपणाची काळसर झाक राहू द्यावी. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना ओले फडके लावू नये. त्यांच्याखाली ताजा भुसा पडलेला दिसला तर कीड जिवंत आहे असे समजून ते खेळणे लगेच वेगळ्या डब्यात ठेवावे. सेल्युलॉइडची बाहुली सहज पेट घेते आणि तिच्या वाफेने धातू गंजतो, म्हणून तिची जागा हवेशीर व स्वतंत्र असावी. जुन्या रंगांत शिसे असू शकते, तेव्हा आजोबांचा रंगीत भोवरा नातवंडाने पाहावा, तोंडात घालू नये.

ठेवण्याची जागा माळा नसावी, कारण उन्हाळ्यात पत्र्याखाली तो तापतो आणि पावसात गळतो. बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून पाटावर उचललेली, आतून गंज नसलेली ट्रंक चालते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती शक्यतो उघडू नये. दसऱ्यानंतरच्या कोरड्या दिवशी सर्व वस्तू सावलीत दोन तास मांडून तपासाव्यात. बुरशी दिसली तर तोंडाला फडके बांधून वस्तू घराबाहेर न्यावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मगच मऊ कुंचल्याने झाडावी.

प्रती दोन ठिकाणी असाव्यात. लहान छायाचित्रे ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) आणि कागद ३०० डीपीआयवर स्कॅन करावेत, फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि व्यक्ती लिहावी. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवल्यास त्याचा दर्जा कमी होतो, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. एक संच दुसऱ्या गावातील भावंडाकडे ठेवावा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या कितीतरी घरांतील कागद आणि छायाचित्रे एकाच दिवसात गेली, कारण त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

पुराचे पाणी घरात शिरलेच तर भिजलेली छायाचित्रे एकमेकांवर वाळू देऊ नयेत, ती कायमची चिकटतात. ती ओली असतानाच स्वच्छ थंड पाण्यात अलगद सुटी करावीत, चित्राच्या बाजूला बोट न लावता चिखल जाऊ द्यावा आणि चित्र वर करून सावलीत सुती कापडावर मांडावीत. दोन दिवसांत एवढे काम उरकणार नसेल तर मधे बटर पेपर घालून पिशवीत बांधून ती फ्रीजरमध्ये ठेवावीत आणि नंतर सवडीने थोडी थोडी बाहेर काढावीत. जरीचे वस्त्र किंवा चिकटलेला अल्बम भिजला असेल तर घरचे उपाय करू नयेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करावी आणि जाताना ती क्रमांकांची वही सोबत न्यावी.