एडिटिंगमध्ये हात कुठे आवरायचा

फोटो एडिटिंगला घेण्याआधी तो कशाचा आहे हे एका ओळीत लिहा. ‘ओल्या पायरीवर बसलेली म्हातारी’, ‘धुक्यात विरघळणारी वाट’. ओळ सुचत नसेल तर फोटो बाजूला ठेवा, कारण जे टिपलंच नाही ते कुठलाही इफेक्ट आणून देत नाही. सुचली, तर पुढचा प्रत्येक बदल त्या ओळीच्या कामाचा आहे का, एवढंच बघायचं.

रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलवर) आधी व्हाइट बॅलन्स (रंगांची उबदार-थंड झाक) आणि एक्स्पोजर (एकूण उजेड), मग हायलाइट्स-शॅडोज (उजळ आणि गडद भाग), नंतर रंग. क्लॅरिटीला सगळ्यात शेवटी हात लावा. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ती −100 ते +100 जाते आणि मुख्यतः मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट वाढवते. दगड, लाकूड, ढग लगेच उठून दिसतात, आणि मोह तिथेच होतो. पण गडद डोंगर उजळ आकाशाला भिडतो तिथे पांढुरकी कड उमटू लागते. 100 टक्के झूम करून ती शोधा, दिसली की मागे या. बहुतेकदा +10 ते +20 पुरे. चेहऱ्यावर शून्यच बरं.

रंगांसाठी दोन स्लायडर आहेत. सॅच्युरेशन सगळे रंग सरसकट चढवतं. व्हायब्रन्स फिक्या रंगांवर जास्त काम करतं आणि त्वचेचे रंग सांभाळतं, म्हणून आधी ते वापरा. लाल फुलाचा फोटो असेल तर हिस्टोग्राममधला (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ छटा दाखवणाऱ्या आलेखातला) लाल चॅनल बघा. तो उजव्या कडेला आदळला की पाकळ्यांच्या शिरा जातात आणि नुसता लाल डाग उरतो.

एचडीआरसाठी, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडून एक फोटो करण्यासाठी, −2, 0, +2 स्टॉप अशा तीन फ्रेम घ्यायच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), पण एका रॉ फ्रेममध्ये आकाश आणि सावली दोन्ही मावत नसतील तरच. सावल्या पार उजळल्या की उजेड कुठून येतोय हेच कळत नाही, आणि फोटो सपाट होतो.

वाहत्या पाण्याचं तसंच. 10 स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच) 1/30 सेकंदाचं एक्स्पोजर जवळजवळ 34 सेकंदांवर नेतो. तेवढ्यात धबधब्याचा कापूस होतो. पाण्याचा वेग दाखवायचा असेल तर 1/8 ते 1/2 सेकंदात घ्या, धारा वेगळ्या राहतात. मात्र विषय एकटा खडक असेल आणि भोवतीच्या लाटा लक्ष खेचत असतील, तर 30 सेकंद अगदी योग्य. म्हणजे फिल्टर वाईट नाही, तो कोणासाठी लावलाय हे ठरलेलं हवं.

स्क्रीनकडे बघत राहिलं की डोळा भडकपणाला सरावतो. म्हणून फाइल एक रात्र बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी फोटोशॉपमध्ये मूळ फोटो खाली आणि एडिट केलेला वरच्या लेयरवर ठेवा. वरच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) 100 वरून दहा-दहाने उतरवा. लिहिलेली ओळ फिकी पडायला लागली की एक पायरी वर चढा आणि तिथेच फाइल सेव्ह करा.