ड्रॉवरातली नोटीस

डिचोलीहून रोज कदंब बसने पणजीला येऊन मी एका ब्रोकरच्या ऑफिसात लागलो, तेव्हा मोटर, आग आणि मेडिक्लेम एवढाच विमा मला माहीत होता. सहा महिन्यांनी साहेबांनी लायबिलिटीच्या, म्हणजे दुसऱ्याला भरपाई द्यावी लागली तर त्यासाठीच्या विम्याच्या, फाइली माझ्या टेबलावर आणून टाकल्या. त्यात ईपीएलआय, म्हणजे एम्प्लॉयमेंट प्रॅक्टिसेस लायबिलिटी इन्शुरन्स, पहिल्यांदा पाहिला. कर्मचाऱ्याने छळ, भेदभाव किंवा अन्यायाने कामावरून काढल्याचा दावा लावला, तर मालकाच्या वकिलाचा खर्च आणि द्यावी लागणारी भरपाई यातून मिळते. मूळ प्रकार अमेरिकेतला. तिथे 1991 च्या नागरी हक्क कायद्याने अशा दाव्यांत मोठी भरपाई मागता येऊ लागली आणि मग याची मागणी वाढली. आपल्याकडे बऱ्याचदा तो कंपनीच्या संचालकांवरच्या दाव्यांसाठी असलेल्या पॉलिसीला जोड म्हणून घेतात.

या लाइनीत यायचं तर इन्शुरन्स इन्स्टिट्यूटच्या परीक्षांतला लायबिलिटीचा पेपर, आयसी-74, जरूर द्या. पण त्याआधी 2013 चा पॉश कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, मुळातून वाचा, कारण गिऱ्हाईक प्रश्न विचारतं ते त्यातले. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवी. नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. "तो दंड विमा भरतो मरे?" हे मला हमखास ऐकावं लागतं. नाही भरत. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, पीएफ हेही नाही. शिवाय समितीने ठरवलेली भरपाई दोषी माणसाच्या पगारातून कापायची असते, मालकाच्या खिशातून नव्हे.

मग विमा कशाला? कारण दावा फक्त तक्रार करणारी व्यक्तीच लावते असं नाही. ज्याला काढलं तोही लावतो. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये बडतर्फीचा आदेश रद्द केला, कारण समितीने चौकशी घाईत उरकली होती आणि त्या माणसाला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती. चौकशी पुन्हा करायला सांगितली. हा निकाल मी प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला सांगतो. गोव्याचं नाव निघालं की माणूस सरसावून बसतो.

आता माझी चूक. बार्देशातलं एक हॉटेल, सीझनला साठेक माणसं. सप्टेंबरात पॉलिसी संपत होती आणि मालकाला दुसऱ्या विमा कंपनीकडे जायचं होतं, प्रीमियम कमी म्हणून. मी फॉर्म भरायला बसलो. "काही क्लेम आसा?" "ना रे बाबा, कोर्टात कायच ना." मी 'नाही'वर टिक केली, त्यांनी सही केली, चहा झाला.

डिसेंबरात समन्स आलं. एप्रिलमध्ये काढलेल्या रिसेप्शनिस्टने मे महिन्यातच वकिलाची नोटीस पाठवली होती. ती ड्रॉवरात पडून होती. या पॉलिसीत लेखी मागणी आली की तोच क्लेम. कोर्टाची वाट बघायची नसते. जुनी कंपनी म्हणाली, आमची मुदत संपली, तेव्हा कळवलं नाहीत. नवी म्हणाली, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. मालक माझ्यावर ओरडले, "तू विचारलंस कुठे?" मी विचारलं होतं, पण आमच्या धंद्याच्या भाषेत.

म्हणून हल्ली मी 'क्लेम' हा शब्दच काढत नाही. कुणाचं पत्र आलंय का, वकिलाची नोटीस, समितीकडे अर्ज, पाटोच्या श्रमशक्ती भवनातून लेबर कमिशनरचं बोलावणं, रागारागात राजीनामा देऊन गेलेल्याचा ईमेल? असं एकेक विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. मालकापेक्षा अकाउंट्समधल्या बाईंना जास्त माहीत असतं, हेही शिकलो.

मागच्या वर्षी वेर्ण्याच्या एका कारखान्यात अशाच बाईंनी कपाट उघडून तीन कागद काढले. मुदत संपायला चार दिवस होते. साहेबांना फोन केला आणि गेटसमोरच्या गाड्यावर बसून तिन्हींचे फोटो त्याच संध्याकाळी चालू विमा कंपनीला ईमेल केले.