सी मध्ये फाईलमधून नंबर वाचताय? लूप एफईओएफवर चालवू नका

आधी फाईल उघडा, एफओपनला फाईलचं नाव आणि आर (म्हणजे वाचायचा) मोड द्या आणि परत मिळालेला पॉइंटर नल, म्हणजे फाईल उघडलीच नाही असा, आलाय का ते लगेच बघा. नल आला तर पीएररने कारण छापायचं आणि तिथंच थांबायचं, पुढे जायचंच नाही. बऱ्याचदा फाईल असते पण प्रोग्राम भलत्याच फोल्डरमधून रन होत असतो, माझी यात एकदा अख्खी संध्याकाळ गेलीये.

मग नंबर वाचणाऱ्या एफस्कॅनएफला पूर्णांकासाठी पर्सेंट डी द्या, व्हेरिएबलच्या आधी अँपरसँड लावा. मधले स्पेस, टॅब, नवीन ओळ ते आपोआप सोडून देतं. डबल हवा असेल तर पर्सेंट एलएफ.

आता खरी गडबड लूपमध्ये होते. एफईओएफ म्हणजे फाईल संपली का ते सांगणारं फंक्शन. "एफईओएफ नाही तोपर्यंत वाच" असं बरेच जण लिहितात, दिसायला बरोबरच वाटतं. समजा फाईलमध्ये 10, 20, 30 एकाखाली एक आहेत आणि 30 नंतर एंटर मारलाय. बेरीज 60 यायला हवी, येते 90! कारण 30 वाचून झालं तरी ते एंटर शिल्लक असतं, फाईल संपलीये हे अजून कळलेलंच नसतं, लूप परत फिरतो, वाचणं फसतं, व्हेरिएबलमध्ये जुनं 30 तसंच पडून असतं आणि तेच परत मिळवलं जातं. तेच शेवटचं एंटर काढलं की बरोबर 60 येतं, म्हणून ही चूक पटकन सापडत नाही.

म्हणून एफस्कॅनएफ जे परत देतं (किती नंबर वाचले ते) तेच व्हाईलच्या कंडिशनमध्ये तपासा, बरोबर 1 आलं तरच पुढे जा. "ईओएफ (फाईल संपल्याची खूण) नाही" एवढंच तपासलंत तर मध्ये एखादं अक्षर आलं की 0 येत राहतं, ते अक्षर जागचं हलत नाही आणि प्रोग्राम कायमचा अडकतो.

ॲरेत भरताय तर 100 जागा असल्यावर इंडेक्स 100 पेक्षा कमी आहे ना हे वाचायच्या आधी बघा. लूप संपल्यावर मात्र एफईओएफ जरूर विचारा, खरं आलं तर फाईल संपली, खोटं आलं तर बहुतेक मध्ये नको ते अक्षर आहे, तसा मेसेज द्या आणि मग एफक्लोज.

आणि फाईल दुसऱ्या कोणी बनवलेली असेल, नंबर केवढे मोठे असतील याचा भरवसा नसेल तर एफगेट्सने ओळ घेऊन एसटीआरटीओएल (मजकुराचा लाँग प्रकारचा नंबर करणारं फंक्शन) वापरा, नंबर लाँगमध्ये मावला नाही तर ते एररनोमध्ये (चुकीचा कोड ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ईरेंज टाकतं, एफस्कॅनएफमध्ये तशी काही हमी नाही.