मृगाच्या पावसाआधी विहिरीची गाळणी उपसून धुवावी

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते आणि पहिला जोराचा पाऊस झाला की शिवारातील पाणी विहीर पुनर्भरणाच्या, म्हणजे पावसाचे पाणी गाळणीतून गाळून विहिरीत सोडण्याच्या, चरातून विहिरीकडे धावू लागते. गाळणीतील दगड, खडी आणि वाळू अजून धुतली नसेल, तर पेरणीची घाई बाजूला ठेवून हे काम आधी उरकावे.

जालना भागात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यानंतर माझ्या पाहण्यातील बऱ्याच शेतकऱ्यांनी हौसेने विहीर पुनर्भरण केले. दोन पावसाळ्यांत गाळणी चिखलाने भरली, पाणी वरून ओसंडू लागले आणि उपसण्याचा कंटाळा म्हणून चर सरळ विहिरीत सोडला गेला. अशा विहिरीत गाळ साचून झरे बुजतात, मार्चमध्ये मोटार चिखल ओढते, ठिबकच्या नळ्या तुंबतात आणि फळ धरलेली बाग डोळ्यांदेखत सुकते. पाणी आटले असे समजून शेतकरी कर्ज काढून बोअर घेतो. गाळ काढल्यावर त्याच विहिरीचे झरे पुन्हा वाहिल्याचे मी पाहिले आहे.

वस्तीवर पिण्याचे पाणी याच विहिरीतून जात असेल, तर धोका दुहेरी आहे. पहिल्या पावसाचे पाणी शेण, युरिया आणि फवारणीचे अंश घेऊन येते, आणि आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून ते फारसे गाळले न जाता पुढे सरकते. गाळणी गाळ अडवते, पण शेण-युरियातून पाण्यात विरघळलेले नायट्रेट किंवा कीटकनाशक अडवत नाही. म्हणून पहिल्या दोन पावसांचे पाणी बाहेर सोडावे आणि फवारलेल्या कपाशीच्या रानाचे पाणी पुनर्भरणाला कधीच घेऊ नये. गाळणीत खाली मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर वाळू असावी. तिच्या अलीकडे गाळ बसण्यासाठी वेगळा खड्डा असावा आणि वाळूवरचा चिखलाचा थर प्रत्येक मोठ्या पावसानंतर खरवडून काढावा. पावसानंतर काही तासांतच विहीर गढूळ झाली, तर दोष झऱ्याचा नसून बांधकामाच्या भेगेचा असतो, असा माझा अंदाज आहे.

इतर कामे:
- कठड्याच्या भेगा बुजवणे
- ओट्याचा उतार बाहेर काढणे
- उकिरडा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर हलवणे
- फवारणी पंप विहिरीपासून लांब धुणे

विहीर निवळल्यावरच ब्लिचिंग पावडर वापरावी, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जाते. चांगल्या प्रतीची, म्हणजे सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम लागते. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ३ मीटर असेल, तर पाणी सुमारे ३७,७०० लिटर भरते आणि पावडर सुमारे ९५ ग्रॅम लागते. प्लॅस्टिकच्या बादलीत पावडर कालवून दहा मिनिटे निवळू द्यावी, वरचे पाणी तेवढे विहिरीत ढवळावे, खालचा चुना टाकू नये आणि तासभर पाणी उपसू नये. ओलसर जागी उघडी पडलेली जुनी पावडर निकामी झालेली असते.

दुकानातून पाणी गोड करणारे किंवा झरे मोकळे करणारे म्हणून जे महागडे द्रव गळ्यात मारले जातात, त्यांवर एक रुपयाही घालवू नये. त्या पैशात गाळणीची वाळू बदलून होते. मात्र ब्लिचिंगने केवळ जंतू मरतात. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि उकळल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाला घातक असते. त्यामुळे घरात सहा महिन्यांच्या आतील बाळ असेल आणि त्याला वरचे दूध पाण्यात कालवून दिले जात असेल, तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून अहवाल येईपर्यंत बाळासाठी दुसऱ्या खात्रीच्या ठिकाणचे पाणी आणावे.