झाडीतला खंड्या कसा शोधावा आणि कसा नोंदवावा

सॉलोमन बेटांतील ग्वाडलकनालच्या डोंगरी वर्षावनात मिशाळ खंड्या राहतो. नदीकाठापेक्षा दाट झाडीत वावरणाऱ्या या पक्ष्याच्या नराचे छायाचित्र प्रथम २०१५ मध्ये मिळाले, आणि शोधपथकाला तो दिसण्याआधी ऐकू आला होता. नवेगाव-नागझिऱ्याच्या परिसरातील जाड लाल चोचीचा मोठा खंड्या तितका दुर्मीळ नाही, पण तोही सावलीत स्थिर बसून राहतो; म्हणून त्याचा शोध कानांनीच सुरू करावा.

झाडीने वेढलेला मामा (माजी मालगुजारी) तलाव किंवा उन्हाळ्यातही डोह टिकणारा नाला निवडावा. अभयारण्यात जायचे असल्यास वनविभागाची परवानगी आधी घ्यावी. जागेची चौकशी ढिवर बांधवांकडे करावी, कारण पहाटे जाळे काढताना कोणता पक्षी कुठे बसतो, हे ते रोज पाहतात. उजाडण्यापूर्वी पोहोचून झाडाला पाठ टेकून बसावे आणि अर्धा तास तरी जागा बदलू नये. मोठमोठ्याने हसल्यासारखा, कर्कश ‘के-के-के’ आवाज आला की लगेच उठू नये. आवाजाच्या दिशेने, पाण्यावर झुकलेल्या फांद्या दुर्बिणीने एकेक करून तपासाव्यात.

पक्षी दिसला नाही, तरी त्याच्या खुणा बोलतात. नेहमीच्या फांदीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ असतात आणि काट्यांचे, खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेल्या, ओकून टाकलेल्या गोळ्या सापडतात. दरडीतील बिळाच्या तळाशी पायांच्या घासण्याने पडलेल्या दोन समांतर चऱ्या दिसल्या, तर ते वापरात असलेले घरटे समजावे आणि तिथून ताबडतोब दूर व्हावे.

नोंदीत तारीख, वेळ, जागा आणि वर्तन लिहावे व मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा. मात्र मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला कधीही बोलावू नये, आणि घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. ग्वाडलकनालचा तो नर नमुना म्हणून मारून संग्रहासाठी घेतला गेला आणि त्यावर जगभर टीका झाली. आपल्या गावच्या नोंदीला स्वच्छ ध्वनिमुद्रण आणि छायाचित्र पुरेसे आहे, असे माझे ठाम मत आहे.

ओळखताना घाई करू नये. तपकिरी डोके व पोट आणि पांढरी छाती असेल, तर तो शेताच्या बांधावरही दिसणारा नेहमीचा खंड्या होय. राखाडी-तपकिरी टोपी, पिवळसर पोट आणि आकाराने मोठा असेल, तरच मोठा खंड्या लिहावा. नुसता आवाज ऐकला असेल, तर ‘फक्त आवाज’ असेच नोंदवावे.